थांबवणारा माणूस



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला सक्त मनाई केली. आता परवानगी मिळाली आहे. डोळे मिटून पडले असताना एकच विषय डोक्यात घोळत होता, तो आधी उतरवून टाकते.

सुरुवात झाली नातवाच्या फोनने. माझी लेक अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन गावाजवळ राहते. तिचा मुलगा चौदा वर्षांचा. तिकडे 'सिव्हिल एअर पेट्रोल' नावाची एक स्वयंसेवकांची संघटना आहे. १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायच्या सहा दिवस आधी ती सुरू झाली. हरवलेली विमाने शोधणे, पूर आला की वरून पाहणी करणे, मुलांना विमानविद्येची गोडी लावणे ही त्यांची कामे. आपल्याकडच्या एन.सी.सी.च्या हवाई शाखेची आठवण यावी असे काहीसे, पण मोठी माणसेही त्यात असतात आणि जवळजवळ सगळे बिनपगारी. बारा वर्षांपासूनची मुले कॅडेट होतात. आमचा नातूही झाला.

तर हा एका रविवारी फोनवर फुरंगटून बसलेला. "आजी, आमची ट्रिप कॅन्सल झाली." का रे बाबा? तर त्यांच्या तुकडीला व्हॅनने एका धावपट्टीवर जायचे होते. व्हॅन चालवणारे काका रात्रभर हॉस्पिटलात ड्यूटी करून तसेच आले होते. तुकडीच्या सेफ्टी ऑफिसर बाईंनी त्यांना विचारले, "झोप किती तास झाली?" काकांनी खरे सांगितले. बाई म्हणाल्या, "मग आज गाडी नाही." दुसरा चालक मिळाला नाही. ट्रिप रद्द. वीस मुले घरी परत.

"आणि आजी, त्या तुझ्यासारख्याच रिटायर्ड टीचर आहेत!" हे वर.

तो हसला, मी मात्र गप्प झाले. लेकीला वाटले रेंज गेली. रेंज कुठे गेली नव्हती. मी तीस-बत्तीस वर्षे मागे गेले होते.

ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही. घरच्यांना अर्धीमुर्धी माहीत आहे. आज पूर्ण लिहिते.

तेव्हा मी जामनेर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत असे. त्याशिवाय आर.एस.पी.ची म्हणजे रस्ता सुरक्षा दलाची जबाबदारी माझ्याकडे होती. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेत हे दल असेल. शिट्ट्या, पट्टे, टोप्या घातलेली मुले शाळा सुटताना रस्त्यावर उभी राहून बाकीच्यांना ओलांडून देत. मला त्या कामाचा अभिमान होता. शिट्टी कायम पर्समध्ये असे.

हिवाळ्यात तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. मुलींचा खो-खोचा संघ न्यायचा होता, अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. एस.टी.ची वेळ जुळत नव्हती. एका पालकाने मोठ्या मनाने आपली मेटॅडोर फुकट दिली, चालकासकट. सकाळी सहाला गाडी शाळेसमोर उभी राहिली. तो कापसाचा हंगाम. चालक रात्रभर जिनिंगवर कापसाच्या खेपा टाकून तसाच आला होता. अंगावर सरकी-कापसाचे तंतू, डोळे लालबुंद. मुली चढत असताना त्याने तीनदा जांभई दिली. मी मोजल्या. म्हणून तर आजही आठवतात.

मी मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन म्हटले, "सर, याची झोप झालेली दिसत नाही." ते म्हणाले, "बाई, माणसाने फुकट गाडी दिली आहे. आता त्याला झोप झाली का म्हणून विचारायचं? बरं दिसतं का ते?" आणि मग हसून, "तुम्ही उगाच घाबरता."

मी चालकाला चहा पाजला आणि गाडीत बसले.

जाताना काही झाले नाही. परतताना संध्याकाळी एका मोरीजवळ गाडी रस्ता सोडून खाली गेली. ब्रेकचा आवाजसुद्धा आला नाही, कारण ब्रेक दाबलाच नव्हता. त्याचा डोळा लागला होता. देवाच्या कृपेने कोणी दगावले नाही. पण आठवीतल्या एका मुलीचा उजवा हात गाडीखाली सापडला. तो कोपरापासून काढावा लागला. आमच्या संघातली ती सगळ्यात चपळ मुलगी होती.

चौकशी झाली. 'चालकास डुलकी लागल्याने अपघात' असे एका ओळीत लिहिले गेले आणि फाईल बंद झाली. मी जांभया मोजल्या होत्या हे कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. रस्ता सुरक्षा दलाची शिक्षिका त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसली होती आणि शिट्टी तिच्या पर्समध्ये होती, हेही त्या कागदात कुठे नाही.

ती मुलगी आज नाशिकला असते. डाव्या हाताने लिहायला शिकली, नोकरी केली, संसार केला. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते. तिने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. तेच मला जड जाते.

असो. आता माझे म्हणणे मांडते.

त्या दिवशी चूक कोणाची होती? चालकाची? तो गरीब माणूस मालकाने सांगितले म्हणून आला. मालकाची? त्याने तर उपकार केले. मुख्याध्यापकांची? त्यांना भिडेपोटी बोलवेना. माझी? हो, माझीही. पण इतकी वर्षे विचार करून मला असे वाटते की आमच्यात वाईट माणूस एकही नव्हता. एक खुर्ची मात्र रिकामी होती. 'आज गाडी नाही' असे म्हणायचा हक्क ज्याला आहे आणि ते म्हटल्यावर ज्याला कोणी 'उगाच घाबरता' म्हणणार नाही, असा माणूसच आमच्या व्यवस्थेत नव्हता. मी 'आर.एस.पी.च्या बाई' होते खरी. मला मुलांना रस्ता ओलांडून देण्याचा अधिकार होता, गाडी थांबवण्याचा नव्हता. निदान मला तरी तसे वाटले नाही.

जामनेरकरांना हे समजावायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपली पी.जे. आठवा! पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची छोटी गाडी २०२० साली बंद पडली आणि आता त्या मार्गाचे मोठ्या रुळांत रूपांतर करायचे काम निघाले आहे. त्या गाडीला इंजिनात ड्रायव्हर आणि मागे गार्ड असे. ड्रायव्हर कितीही घाईत असो, गार्डाने हिरवे निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलत नसे. गार्डाला गाडी चालवता येत असो वा नसो, थांबवण्याचा अधिकार त्याचा. आणि त्याचा राग कोणी धरत नसे, कारण ते त्याचे कामच होते. एवढ्याशा चिमुकल्या गाडीलासुद्धा इंग्रजांच्या काळापासून जी अक्कल होती, ती आमच्या मेटॅडोरला नव्हती.

विमानवाले या बाबतीत आपल्या कितीतरी पुढे गेले, पण तेही ठेचा खाऊनच. नातू राहतो त्या डेटनजवळच राइट फील्ड नावाचा तळ होता. तिथे ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंग कंपनीचे एक नवेकोरे चार इंजिनांचे विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. विमानात दोष नव्हता. उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पडदे हलू नयेत म्हणून एक कुलूप लावतात, ते काढायचे राहून गेले होते. दोन कसलेले वैमानिक त्यात गेले. त्यानंतर लोकांनी 'वैमानिक हुशार नेमा' असा निष्कर्ष काढला नाही, कारण ते हुशारच होते. निष्कर्ष असा काढला की हुशार माणूसही विसरतो. म्हणून उडण्याआधी वाचायची एक यादी तयार झाली. तीच आजची चेकलिस्ट. आजही तीस वर्षांचा अनुभव असलेला वैमानिक ती यादी वाचतो आणि शेजारचा उत्तर देतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान ढगांतून खाली उतरताना डोंगराला धडकले. ९२ जण गेले. चौकशीत कळले की सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच सूचनेचा तसाच चुकीचा अर्थ लावून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ती गोष्ट बाकीच्यांपर्यंत पोहोचली नाही. म्हणून १९७६ पासून तिकडे एक पद्धत सुरू झाली. जो कोणी थोडक्यात वाचला त्याने ते लिहून कळवायचे. नाव गुप्त राहते. आणि ते लिहून घ्यायचे काम दंड करणाऱ्या खात्याकडे नाही, तर 'नासा'कडे दिलेले आहे. त्रयस्थाकडे! लपवण्याचे कारणच उरू नये म्हणून.

आपल्याकडे थोडक्यात वाचले की आपण काय करतो? नारळ फोडतो. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतो. नारळ जरूर फोडावा, मीही फोडते. पण का वाचलो आणि पुढच्या वेळी काय करायचे, हे दोन ओळींत कुठेतरी लिहून ठेवले तर देव रागावणार आहे का?

हे मी विमानांचे कौतुक म्हणून लिहीत नाही. आपल्या खान्देशातच गेल्या काही वर्षांत काय काय झाले ते आठवा.

१५ फेब्रुवारी २०२१. यावल तालुक्यात किनगावजवळ मध्यरात्रीनंतर पपईने भरलेला ट्रक उलटला. त्यावर बसलेले पंधरा मजूर गेले, बहुतेक रावेर तालुक्यातले. दिवसभर राबून घरी परतणारी माणसे, त्यांत बायका होत्या, लेकरे होती. मालाच्या गाडीवर माणसे बसवू नयेत हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. पण रात्रीच्या वेळी, घरी जायची ओढ असताना, 'तुम्ही वर बसू नका, मी दुसरी सोय करतो' असे म्हणणारा माणूस तिथे असायला हवा होता. नियम कागदावर होता, माणूस जागेवर नव्हता.

त्याच वर्षी १६ जुलैला शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे छोटे विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात सातपुड्याच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ मुलगी गंभीर जखमी झाली. तिथे गाडी जाईल असा रस्ता नाही. आसपासचे आदिवासी बांधव धावले. एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी केली आणि त्या झोळीतून त्या मुलीला डोंगर उतरवून आणले. हे वाचून तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. मदतीला आपली माणसे अशी धावतात, त्यात कोणी आपला हात धरणार नाही. आता तर कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सांगितले आहे की अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही करता येणार नाही. हे आपल्या लोकांना अजून पुरते माहीत नाही. कृपया चार जणांना सांगा.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. अपघात झाल्यावर अंगावरची साडी सोडणारी ही आपली माणसे अपघाताआधी एक प्रश्न विचारायला का लाजतात? 'दादा, झोप झाली का?' एवढाच तर प्रश्न. त्याला साडी सोडावी लागत नाही, फक्त भीड सोडावी लागते.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही लोकांना भित्रे करताय. तर नाही. भीती आणि सावधपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ आठवा. आपल्या पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या मध्ये, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, माणसे घाबरून रुळावर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडून दहा-बाराहून जास्त जीव गेले. आग लागलेलीच नव्हती. ती झाली भीती. घाईत, ओरडाआरडीत, काही न बघता पळायला लावणारी. सावधपणा हा शांतपणे, आधी आणि मोजून करायचा असतो. ज्याने तो आधी केला आहे, त्याला ऐनवेळी कमी घाबरायला होते.

आता स्वयंसेवकांचा मुद्दा. पगारी चालकासाठी कायदा आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे लिहून ठेवले होते. पाळत किती तो भाग निराळा. वैमानिकांच्या विश्रांतीचेही नियम आहेत. २०२५ च्या डिसेंबरात तेच नियम कडक झाल्यावर एका मोठ्या कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि लोक विमानतळांवर अडकले. तेव्हा आमच्या भाच्यानेही मला फोनवर यथेच्छ शिव्या ऐकवल्या, मला नव्हे, कंपनीला! मी त्याला म्हटले, "अरे, कंपनीने माणसे कमी नेमली त्याचा राग कर, खुशाल कर. पण वैमानिकाने झोपावे या नियमाचा राग करू नकोस."

पण जो सेवा म्हणून गाडी चालवतो, त्याचे तास कोण मोजणार? गणपती विसर्जनाचा ट्रॅक्टर, नवरात्रात सप्तशृंगी गडावरून ज्योत आणणाऱ्या पोरांमागचा टेम्पो, दिंडीमागची पाण्याची गाडी, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप. इथे मालक-नोकर असे नातेच नाही. सगळे भाऊबंद. आणि भाऊबंदाला नियम लावणे म्हणजे त्याचा अपमान! आमच्या मुख्याध्यापकांचे तेच म्हणणे होते, 'फुकट गाडी दिली आहे.' पण मंडळी, चालक पगारी आहे की बिनपगारी, हे गाडीला कुठे कळते? मोरीलाही कळत नाही. माझे तर म्हणणे आहे की जिथे सेवा आहे तिथे जास्त कडक असावे. पगारी माणूस निदान कुरकुर करतो. सेवेकरी थकला तरी सांगत नाही, कारण थकलो म्हणणे त्याला सेवेत कसूर वाटते.

आता यंदाच्या चैत्रातली हकीकत सांगते. आमच्या गल्लीतली पोरे दरवर्षी पायी सप्तशृंगी गडावर जातात. दोनशे किलोमीटरांच्या वर अंतर. खान्देशातल्या उन्हामुळे दुपारी चालवत नाही, म्हणून रात्री आणि पहाटे चालतात. म्हणजे महामार्ग, अंधार आणि थकलेले पाय. सोबत सामानाचा एक टेम्पो आणि दोन मोटारसायकली. वर्गणी मागायला आली. बरेचसे माझे जुने विद्यार्थी किंवा त्यांची मुले.

मी म्हटले, "टेम्पो कोण चालवणार?"

"आम्हीच बाई, आलटून पालटून."

"रात्री चालायचे, दिवसा स्वयंपाक-पाणी बघायचे. मग चालवणारा झोपणार कधी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हळूच म्हणाला, "काही होत नाही बाई, आईचं नाव घेऊन निघतो."

मी वर्गणीचे पाकीट हातात धरून ठेवले आणि त्यांना मेटॅडोरची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, पूर्ण. जांभयांसकट. पोरे गप्प बसून ऐकत होती. मग म्हटले, वर्गणी दुप्पट देते, पण अटी आहेत. टेम्पो चालवणारे दोघे ठरवायचे आणि त्या दोघांनी पायी चालायचे नाही, त्यांची सेवा तीच. आदल्या सहा तासांची झोप झाल्याशिवाय चावी हातात घ्यायची नाही. रात्री चालताना रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि प्रत्येकाच्या पाठी-पोटावर चमकणारी पट्टी हवी. टेम्पोत सामान असेल, माणसे नाहीत. निघण्याआधी रोज टायर, ब्रेक, मागचे लाल दिवे बघायचे आणि वहीत सही करायची. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची. तुमच्यातल्या एकाला नेमा. तो 'थांबा' म्हणाला की थांबायचे. आधी थांबायचे, वाद नंतर घालायचा.

शेवटच्या अटीवर चर्चा बरीच झाली. "तो उगाच भाव खाईल भो!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, सगळ्यात मोठ्या दादालाच नेमू. मी म्हटले, नको. दादाला आधीच सगळे घाबरतात, त्याला कोणी अडचण सांगणार नाही. नातवाच्या तुकडीत तर सगळ्यात लहान कॅडेटसुद्धा 'थांबा' म्हणू शकतो आणि मोठ्यांना थांबावे लागते. शेवटी त्यांनी आय.टी.आय.मध्ये शिकणाऱ्या, जरा अबोल अशा एका मुलाला नेमले. 'सुरक्षा अधिकारी' हा शब्द त्यांना फार जड वाटला. त्यांनी त्याचे नाव ठेवले 'थांबवणारा'. मी माझी जुनी शिट्टी कपाटातून शोधून त्याला दिली.

तिसऱ्या रात्री ती वाजली. टेम्पोचा चालक बदलीची वेळ झाली तरी 'अजून तासभर ओढतो' म्हणत होता. थांबवणाऱ्याने त्याला दोन प्रश्न विचारले, उत्तर नीट आले नाही आणि याने शिट्टी वाजवली. सगळी मंडळी एका देवळाच्या सभामंडपात चार तास झोपली. गडावर अर्धा दिवस उशिरा पोहोचली. बरोबरच्या दुसऱ्या गावच्या पदयात्रेने त्यांची टिंगल केली म्हणे, 'झोपाळू मंडळ' म्हणून.

परत आल्यावर तो मुलगा प्रसाद घेऊन आला. थोडा खट्टू होता. "बाई, सगळे म्हणतात उगाच थांबवलं. काही झालंच नसतं."

मी त्याला काय सांगणार? काही झाले असते की नसते, हे कोणालाच कळणार नाही. थांबवणाऱ्याच्या कामाचे हेच दुखणे आहे. झोळी करून आणणाऱ्या त्या बाईची बातमी झाली आणि व्हायलाच हवी होती. पण ज्या अपघातात कोणी सापडलेच नाही, त्याची बातमी कशी होणार? मी त्याला एवढेच म्हटले, "बाळा, मी त्या दिवशी थांबवले असते, तर मलाही सगळे असेच म्हणाले असते. आणि ते म्हणणे मी आनंदाने ऐकून घेतले असते."

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. सेफ्टी ऑफिसर नेमला की अपघात होत नाहीत, असे मुळीच नाही. तो काही ताईत नव्हे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच सिव्हिल एअर पेट्रोलचे एक विमान कोलोरॅडोच्या डोंगरात पडले, दोन स्वयंसेवक गेले. यादी वाचूनही अपघात होतात. आणि यादीचे कर्मकांडही होते, हे माझ्याइतके कोण जाणेल? शाळेत किती रजिस्टरे मी न बघता सह्या करून भरली आहेत! टायर न बघता वहीत सही केली तर ती वही रद्दीच. म्हणून वहीपेक्षा मला माणूस महत्त्वाचा वाटतो. ज्याला बघायची सवय आहे, विचारायची लाज नाही, आणि ज्याच्या पाठीशी बाकीचे उभे आहेत असा माणूस. त्यातले शेवटचे आपल्या हातात आहे. त्याने थांबवले की 'उगाच घाबरतोस' म्हणायचे नाही, एवढे तरी आपल्याला जमावे.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त माणसे गेली, त्यातली पंधरा हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे आमच्या गल्लीतली एक शिट्टी ती काय, असे वाटेल. मलाही वाटते. पण तो आकडा एकेक गाडी, एकेक मोरी करूनच झाला आहे ना?

म्हणून माझी एक विनंती. तुमचे मंडळ असेल, भजनी मंडळाची सहल असेल, घरच्या लग्नाची वऱ्हाडाची गाडी असेल, निघण्याआधी एका माणसाचे नाव घ्या आणि सगळ्यांदेखत सांगा, 'आज हा थांबवणारा.' पुण्याच्या वहिनी, धाकट्याच्या लग्नाला तुम्ही रात्रीच निघणार आहात असे कळले, तेव्हा हे तुम्हालाही लागू आहे बरे का!

गेल्या आठवड्यात त्या नाशिकच्या मुलीला फोन केला. हे सगळे लिहू का, म्हणून विचारले. ती म्हणाली, "लिहा बाई. फक्त माझं नाव नको." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही जांभया मोजल्या होत्या, हे मला माहीत होतं. मी तुमच्या मागेच बसले होते. मीही मोजल्या होत्या."

आठवीतल्या मुलीलाही दिसले होते. तिला तर विचारायचा हक्क आहे, असे आम्ही कधी शिकवलेच नव्हते.

डोळे दुखायला लागले. थांबते.